कॉन्फिडन्स कोच व्हायचंय? आधी शिडी बांधायला शिका

‘माझ्यात आत्मविश्वासच नाही’ असं म्हणत येणाऱ्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न एका शब्दाचा आहे: ‘कुठे?’ चाळीस मुलांचा वर्ग लीलया सांभाळणारी शिक्षिका मोठ्यांच्या सभेत माइक हातात आला की आवंढा गिळते. अवघड प्रोग्रॅम एकटाकी लिहिणारा इंजिनीअर पगारवाढीचा विषय काढायचं महिनोन्‌महिने टाळतो. दोघांची तक्रार शब्दाशब्दानं सारखी असते, पण दोघांकडे करायचं काम पूर्ण वेगळं. या व्यवसायात उतरणाऱ्यानं हे आधी पक्कं करून घ्यावं. काय शिकायचं, कुणाला घ्यायचं, स्वतःची ओळख कशी करून द्यायची, हे सगळं पुढे यावरूनच ठरतं.

मानसशास्त्रात या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये १० विधानांची प्रश्नावली तयार केली. ती मोजते माणसाला एकूण स्वतःबद्दल काय वाटतं ते, म्हणजे आत्मसन्मान. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना निराळी आहे: ‘हे ठरावीक काम, या ठरावीक परिस्थितीत, मला जमेल’ ही खात्री. पहिली गोष्ट आयुष्यभराच्या अनुभवांतून घडलेली असते आणि सहासात बैठकांत फारशी हलत नाही. दुसरी हलते, आणि हलली की दिसतेही. कोचनं विकायची ती दुसरी.

ही खात्री बांडुरांच्या मते चार वाटांनी येते. स्वतः केलेलं आणि जमलेलं काम ही पहिली, सगळ्यात भक्कम. आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं ही दुसरी. दुसऱ्यानं दिलेला धीर तिसरी. चौथी म्हणजे धडधड, घाम, थरथर यांचा आपण लावलेला अर्थ. नवे कोच जवळजवळ सगळा वेळ तिसऱ्या वाटेवर घालवतात: ‘तुम्ही करू शकता’, ‘तुमच्यात क्षमता आहे’. ऐकणाऱ्याला तासभर बरं वाटतं. मग तो जुन्याच पद्धतीनं एक बैठक टाळतो, आणि धीराचे शब्द खोटे ठरतात. त्यात बोलणाऱ्याची किंमत कमी होते ती वेगळीच.

आरशासमोर उभं राहून स्वतःची स्तुती करण्याचंही तेच. जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगात ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपैकी ज्यांचा आत्मसन्मान आधीच कमी होता, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. म्हणजे ज्यांच्यासाठी औषध, त्यांनाच बाधलं. कमरेवर हात ठेवून ऐसपैस उभं राहण्याची ती प्रसिद्ध ‘पॉवर पोझ’ही जपूनच वापरावी. असं उभं राहिल्यानं शरीरातली संप्रेरकं बदलतात असं सांगणारा २०१० चा मूळ प्रयोग ४२ जणांवर होता. २०१५ मध्ये २०० जणांवर तो पुन्हा केला तेव्हा संप्रेरकांवरचा परिणाम दिसला नाही, आणि मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये हा परिणाम आपल्याला खरा वाटत नसल्याचं जाहीरपणे सांगितलं. तरी ती अजून कार्यशाळांतून शिकवली जाते. क्लायंटनं हे वाचलेलं असू शकतं, एवढं लक्षात असू द्या.

पहिली बैठक: तीन प्रकार वेगळे करणं

पहिल्या बैठकीला ९० मिनिटं ठेवावीत, पुढच्या ६० मिनिटांच्या चालतील. या ९० मिनिटांत सल्ला शून्य. काम एकच: तक्रारीखाली नेमकं काय आहे ते शोधणं.

साधारण तीन गोष्टी सापडतात. एक, कौशल्यच कमी आहे. दोन, कौशल्य आहे पण भीतीनं टाळाटाळ होते. तीन, माणूस ठीक आहे, त्याच्या भोवतीचं वातावरण वाईट आहे. ओळखायला हा प्रश्न उपयोगी पडतो: ‘कुणी बघत नसताना, घाई नसताना हे तुम्हाला जमतं का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर त्या माणसाला आधी शिकण्याची आणि सरावाची गरज आहे. त्याला धीर देऊन मैदानात ढकललं तर तो खरोखरच हरेल आणि पहिल्यापेक्षा जास्त आक्रसेल. उत्तर ‘एकट्यानं जमतं, लोकांसमोर नाही’ असं आलं, तर हे तुमचं काम. आणि ‘सगळीकडे जमतं, फक्त त्या एका वरिष्ठासमोर नाही’ असं आलं, तर त्या वरिष्ठाचं वागणं कसं आहे ते आधी विचारा. चारचौघांत अपमान करणाऱ्या माणसासमोर गप्प बसणं हा आत्मविश्वासाचा अभाव नसतो, तो बऱ्याचदा शहाणपणा असतो. तिथे व्यायाम देणं म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणं.

तिन्हींची सरमिसळही असते. इंग्रजीत सादरीकरण करताना अडखळणाऱ्याकडे बहुधा थोडी भाषेची उणीव असते आणि पुष्कळशी भीती. अशा वेळी आधी एक महिना भाषेचा सराव लावून द्या, मग कामाला लागा. तेवढ्यासाठी क्लायंटचं काम महिनाभर लांबलं तरी चालेल. अर्ध्या तयारीचा माणूस शिडीवर चढवण्यापेक्षा ते बरं.

मग शेवटचा प्रसंग तपशिलात काढून घ्यायचा. ‘मी नेहमी घाबरतो’ हे टिपून उपयोग नाही. ‘शेवटचं कधी झालं? कोण कोण होतं? तोंड उघडण्याआधीच्या दहा सेकंदांत मनात कुठलं वाक्य आलं? मग काय केलंत?’ इतक्या खोलात जा. त्या दहा सेकंदांतलं वाक्य (‘माझा आवाज कापेल आणि सगळ्यांना कळेल’) हाच पुढच्या सगळ्या कामाचा कच्चा माल. बैठक संपताना एका वाक्यात ध्येय लिहून घ्या, आणि ते असं असावं की त्रयस्थ माणसाला बघून सांगता आलं पाहिजे, झालं की नाही. ‘ठामपणे वागणं’ हे ध्येय नाही. ‘तीन महिन्यांत दर साप्ताहिक बैठकीत एकदा तरी स्वतःहून मत मांडणं’ हे आहे. त्याच वेळी ‘हे जमेल याची आज किती खात्री वाटते, ० ते १०० मध्ये?’ हा आकडा घ्या आणि दर बैठकीच्या सुरुवातीला पुन्हा विचारा. शेवटी तुमच्या कामाचा पुरावा म्हणून हाती तेवढाच राहतो.

शिडी

सोप्यापासून अवघडाकडे पायरीपायरीनं जाण्याच्या या शिडीची मूळ कल्पना जोसेफ वोल्पी यांची, १९५० च्या दशकातली, भीतीवरच्या उपचारासाठी. कोचिंगमध्ये तिचं सौम्य रूप वापरतात. क्लायंटकडून त्या परिस्थितीच्या ८ ते १० पायऱ्या काढून घ्यायच्या, प्रत्येकीला ० ते १०० मध्ये अस्वस्थतेचा आकडा द्यायला सांगायचा, आणि आकड्यांप्रमाणे लावायच्या. आकडा त्याचा, तुमचा नाही. तुम्हाला किरकोळ वाटणारी गोष्ट त्याच्या यादीत ८० वर असू शकते.

बैठकीत बोलण्याचंच उदाहरण घेऊ, त्यातल्या काही पायऱ्या अशा. बैठकीआधी शेजारच्या सहकाऱ्याला आजच्या विषयावर एक मत सांगणं, २५. घरून तयार करून आणलेला एक प्रश्न बैठकीत विचारणं, ३५. दुसऱ्याच्या मुद्द्याला कारणासकट दुजोरा देणं, ४५. पहिल्या दहा मिनिटांत स्वतःचं मत मांडणं, ५५. कुणाशी तरी सौम्यपणे असहमती दाखवणं, ७०. तयारी न करता आलेल्या प्रश्नाला उत्तर देणं, ८०. पाच मिनिटांचं सादरीकरण, नंतर प्रश्नोत्तरं, ९०. सुरुवात ३० ते ४० च्या दरम्यान करावी. १० वाली पायरी करून क्लायंटला काहीच सिद्ध झाल्यासारखं वाटत नाही, आणि ७० पासून सुरुवात केली तर तो पुढच्या बैठकीला येत नाही. दोन पायऱ्यांत १० ते १५ चं अंतर ठीक. ५५ वरून एकदम ७० वर गेलेली ही शिडी काठावरचीच आहे. तिथे अडखळला तर मध्ये एक पायरी घाला: आधी लेखी असहमती, मग तोंडी.

पायरी ठरवताना एक नियम कधीच मोडू नये: ती पूर्णपणे क्लायंटच्या हातात हवी. ‘मत मांडणं’ ही पायरी झाली. ‘मत मांडणं आणि ते मान्य होणं’ ही नाही, कारण मान्य करणं दुसऱ्याच्या हातात आहे. नव्या कोचच्या शिड्या सर्वाधिक इथेच कोसळतात. प्रत्येक पायरी वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा व्हायला हवी. एकदा जमलं की माणूस म्हणतो ‘नशीब होतं’, तिसऱ्यांदा तसं म्हणणं त्यालाच अवघड जातं.

करण्याआधी भाकीत लिहून घ्यायचं, हा गृहपाठाचा गाभा. साध्या वहीत चार रकाने: काय करणार, काय होईल असं वाटतंय, प्रत्यक्षात काय झालं, यातून काय कळलं. ‘सगळे माझ्याकडे बघतील’ असं लिहिलेलं असेल, तर खरंच किती जणांनी मान वळवली ते मोजून यायला सांगा. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या प्रयोगात लाजिरवाणा टी-शर्ट घालून खोलीत शिरलेल्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल. पाहिला होता साधारण पाव लोकांनी. हा प्रयोग सांगायला छान आहे, पण क्लायंटनं स्वतः मोजून आणलेल्या ‘बारापैकी दोघं’ची सर त्याला येत नाही.

आता आडोसे, म्हणजे भीती लपवण्याच्या युक्त्या. आवाज कापेल म्हणून भराभर बोलणं, नजर टाळायला लॅपटॉपकडे बघत राहणं, हात थरथरू नयेत म्हणून पेन घट्ट धरणं, प्रत्येक वाक्य आधी पाठ करणं, ‘मला फारसं कळत नाही, पण...’ अशी सुरुवात करणं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीचं जे स्पष्टीकरण दिलं, त्यात या आडोशांना मोठी जागा आहे. आडोशामागून केलेलं काम जमलं, तरी श्रेय आडोशाला जातं: ‘पाठ केलं होतं म्हणून निभावलं.’ चार आठवडे गृहपाठ चोख आणि खात्रीचा आकडा जागच्या जागी, असं दिसलं की हमखास एखादा आडोसा शिल्लक असतो. तो विचारून काढा, आणि तीच पायरी त्याच्याशिवाय पुन्हा करायला लावा. एका वेळी एकच आडोसा. सगळे एकदम काढले तर पायरीचा आकडा फार वाढतो.

धडधड थांबण्याची वाट बघायची नाही, हेही सुरुवातीलाच सांगून टाकावं. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्सुकता वाटतेय’ म्हणणाऱ्यांनी चांगली कामगिरी केली. शरीर तापलेलंच असतं, त्याला थंड करण्यापेक्षा नाव बदलणं सोपं जातं.

गृहपाठ झालाच नाही, तर? एकदा राहिला तर कारण विचारा. दोनदा राहिला तर पायरी अर्धी करा, उपदेश करू नका. आणि तिसऱ्यांदाही राहिला तर ध्येय खरंच त्याचं आहे की बायकोचं, नवऱ्याचं किंवा साहेबांचं, ते तपासा.

कुठे थांबायचं

काही माणसं तुमच्याकडे येतील ती कोचिंगची नसतात. अचानक श्वास कोंडण्याचे, छातीत धडधडण्याचे झटके येत असतील, सहा महिन्यांहून जास्त काळ काम, मैत्री, बाजार असं सगळंच टाळणं चालू असेल, दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडलेली असेल, दारू घेतल्याशिवाय लोकांत जाता येत नसेल, जुना अत्याचार किंवा अपघात पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवायचं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार बोलण्यात आला तर त्याच वेळी, त्याच बैठकीत, माणसाला एकटं न सोडता. आणि घरात मारहाण होत असलेल्या व्यक्तीला ‘ठामपणे बोला’चा गृहपाठ देऊ नये. त्यानं तिचा धोका वाढू शकतो.

निदान तोंडातून काढायचं नाही. ‘तुम्हाला डिप्रेशन दिसतंय’ म्हणण्याचा अधिकार कोचला नाही. ‘तुम्ही सांगितलंत की तीन आठवडे झोप लागत नाही. यासाठी माझ्यापेक्षा योग्य माणसं आहेत, त्यांची नावं देतो, आपलं काम नंतर सुरू करता येईल’ एवढं पुरे. ही तीन-चार नावं पहिला क्लायंट घेण्याआधी, त्या लोकांना भेटून, वहीत लिहून ठेवलेली असावीत.

प्रशिक्षण आणि पहिले तास

कोचिंगला बहुतेक देशांत परवाना लागत नाही. पाटी कुणीही लावू शकतं, आणि लावतातही. म्हणूनच कुठलं प्रमाणपत्र कशाबद्दल आहे ते बघून घ्यावं. कोचना प्रमाणपत्र देणारी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था १९९५ पासून आहे. तिच्या पहिल्या पातळीला, एसीसीला, ६० तासांचं प्रशिक्षण, किमान तीन महिन्यांत पसरलेलं १० तासांचं मेंटर कोचिंग (अनुभवी कोचकडून स्वतःच्या कामावर मार्गदर्शन) आणि किमान ८ क्लायंटसोबत १०० तासांचा अनुभव लागतो, त्यातले ७५ तास मोबदला घेऊन. पुढच्या पीसीसीला १२५ तास प्रशिक्षण आणि ५०० तास अनुभव. यातून ऐकायला, प्रश्न विचारायला, गप्प बसायला शिकाल. भीतीवर काम कसं करायचं ते मात्र यात फारसं येत नाही. ते वेगळं शिकावं लागतं. संस्था निवडताना प्रश्न एकच विचारा: ‘माझ्या प्रत्यक्ष बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकून कुणी लेखी अभिप्राय देणार का?’ नुसत्या व्याख्यानांचा कोर्स कितीही चकचकीत असला तरी घेऊ नका.

सुरुवातीला पाच जण, प्रत्येकी सहा बैठका: साडेबत्तीस तास. जवळचे मित्र आणि नातेवाईक नकोत. ते खरं सांगत नाहीत आणि तुम्हालाही विचारता येत नाही. शुल्क कमी ठेवा, पण फुकट करू नका. फुकटच्या बैठका आयत्या वेळी रद्द होतात आणि गृहपाठ होत नाही. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, नंतर घड्याळ लावून ऐका. तुमचं बोलणं ३० टक्क्यांच्या वर गेलं असेल तर तुम्ही सल्ला देत होता. प्रश्न विचारल्यावर मनात सातपर्यंत मोजा. चार सेकंदांनी येणारं उत्तर पाठ केलेलं असतं, नंतरचं विचार केलेलं. पहिल्या पाच रेकॉर्डिंगांत स्वतःला ऐकणं नकोसं होईल. ते सगळ्यांचंच होतं.

हिशेब आणि क्लायंट

तीन महिन्यांत आठ बैठका ही बरी रचना: पहिल्या चार दर आठवड्याला, पुढच्या चार पंधरा दिवसांनी. सुटी बैठक विकू नका, एका बैठकीत शिडी होत नाही. करारात बैठकींची संख्या, शुल्क, २४ तास आधी कळवण्याचा नियम, गोपनीयता आणि तिचे अपवाद, ‘हे मानसोपचार नाहीत’ हे वाक्य, मध्येच थांबायचं झाल्यास पैशांचं काय, एवढं एका पानात यावं. कंपनीनं पाठवलेला क्लायंट असेल तर आधी ठरवा की साहेबांना काय कळवायचं. हजेरी आणि क्लायंटनं स्वतः लिहिलेलं ध्येय, याच्या पलीकडे काही नाही.

६० मिनिटांच्या बैठकीमागे टिपणं, तयारी, निरोप मिळून आणखी ३० मिनिटं जातात. आठवड्याला १२ बैठका, वर्षाचे ४२ आठवडे धरले तर ५०४ बैठका. वर्षभराचा घरखर्च, कर, प्रशिक्षण, जागा यांची बेरीज करून ५०४ नं भागा. येणारा आकडा म्हणजे पूर्ण वेळापत्रक भरल्यावरचं किमान शुल्क. पहिल्या वर्षी वेळापत्रक भरत नाही, तेव्हा नोकरी सोडायची घाई नको. आठवड्याला सहा बैठका सलग चार महिने भरल्या की मग विचार करा.

लोगो, व्हिजिटिंग कार्ड, वेबसाइटचे रंग यावर एक संध्याकाळ पुरे. वेळ द्यायचा तो एका वाक्याला. ‘मी लोकांचा आत्मविश्वास वाढवतो’ हे वाचून कुणी फोन करत नाही, कारण त्यात कुणाला स्वतःचा प्रसंग दिसत नाही. ‘नव्यानं टीम लीडर झालेल्या, बैठकीत बोलणं टाळणाऱ्या लोकांसोबत मी तीन महिने काम करतो’ हे वाचून नेमका माणूस थांबतो. चौकट अरुंद केली की क्लायंट कमी होतील ही भीती सगळ्यांना वाटते. शिडी मात्र एकाच प्रकारची वीस वेळा बांधली की हात बसतो, आणि शिफारशीही तशाच येतात.

शिफारशी येतात त्या शेजारच्या व्यवसायांतून: करिअर समुपदेशक, भाषा शिकवणारे, वाचा-उपचारतज्ज्ञ, कंपन्यांतली एचआर मंडळी. ओळखीसाठी २० मिनिटांचा फोन विनामूल्य ठेवा, पण त्यात काम सुरू करू नका. फक्त ‘कुठे?’ विचारा आणि हा माणूस आपला आहे का ते ठरवा. नावानिशी अभिप्राय मागताना जपून, ‘मला बोलायची भीती वाटायची’ हे जगजाहीर करायला थोडेच तयार होतात. परवानगी घेऊन, नाव न देता, खात्रीचा पहिला आणि शेवटचा आकडा द्या: ‘३० वरून ७५, आठ बैठका.’ ज्यांचा आकडा हलला नाही, त्यांची नोंदही स्वतःपुरती ठेवा. कुठल्या प्रकारच्या माणसांना घेऊ नये, ते त्यातूनच कळतं.

सातव्या बैठकीपासून शिडी क्लायंटनंच बांधायची, दुसऱ्याच एखाद्या परिस्थितीसाठी, आणि तुम्ही फक्त बघायचं. ‘तुमच्यामुळे जमलं’ असं तो म्हणाला की हुरळून जाऊ नका, वही उघडून विचारा की त्या दिवशी खोलीत बोललं कोण. आठवी बैठक झाल्यावर सहा आठवड्यांनी अर्ध्या तासाचा एक फोन, करारातच धरलेला. त्यात तीन प्रश्न: आजचा आकडा किती, मधल्या काळात स्वतःहून कुठली पायरी केलीत, आणि कुठला आडोसा परत आलाय. तिसऱ्याचं उत्तर ‘कुठलाच नाही’ असं पटकन आलं, तर सातपर्यंत मोजा.